तेरा रुपये पंचवीस पैसे

कैद्यानं आपल्या मजुरीतून पीडिताला स्वखुशीनं काही द्यावं, असं म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग हिशेब मांडतो. हिशेब खोटा नसतो. महाराष्ट्रातल्या कारागृहांत २०२३ च्या वाढीनंतर अकुशल बंद्याला दिवसाला ५३ रुपये मिळू लागले, कुशलाला ७४, खुल्या वसाहतीतल्याला ९४. समजा त्यानं चौथाई दिली, तर त्रेपन्नाचा चौथा हिस्सा १३ रुपये २५ पैसे. मनोधैर्य योजनेत सरकार पीडितेला १० लाखांपर्यंत साहाय्य देतं. तेवढी रक्कम या चौथाईतून जमवायची तर एकही सुटी न घेता २०६ वर्षांहून जास्त राबावं लागेल. तेव्हा हा सगळा भाबडेपणा आहे, द्यायचं ते सरकारनं द्यावं आणि कैद्याकडून घ्यायचंच असेल तर सक्तीनं कापून घ्यावं, असं आजचं रूढ मत. वकिलांच्या खोलीत हेच ऐकू येतं आणि चहाच्या टपरीवरही.

हिशेब बरोबर आहे, पण तो चुकीच्या राशीचा आहे. पीडिताचं नुकसान भरून निघणं ही एक गोष्ट. ज्यानं ते केलं त्यानं ‘हे माझं देणं आहे’ असं मानणं ही दुसरी. सरकारी पैशानं शस्त्रक्रिया होते, घरभाडं भागतं; तो पैसा मिळायलाच हवा आणि वेळेवर मिळायला हवा. पण त्यात गुन्हा करणाऱ्यानं दिलेलं काहीच नसतं.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी ही दोन खाती वेगळी ठेवली होती. चोरीला गेलेलं धन राजानं प्रजाजनाला द्यावं, असं याज्ञवल्क्य सांगतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं सरकारी भरपाईचं कलम ३९६, म्हणजे जुनं ३५७-अ, त्याच जातीचं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मात्र चोरीच्या प्रायश्चित्ताचा विषय निघतो तेव्हा वस्तू परत करणं आणि मग कृच्छ्र व्रत, असा क्रम येतो. (त्याच ग्रंथात दंड वर्ण पाहून कमी-जास्त होतो, हे विसरून मनूचा दाखला देऊ नये. मला तिथून एवढाच तपशील हवा आहे.) राजानं भरपाई दिली म्हणून चोराचं प्रायश्चित्त होत नाही.

आता सक्तीचं पाहू. १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बंद्यांच्या मजुरीचा प्रश्न हाताळला. न्या. के. टी. थॉमस यांनी तेव्हा राज्यांना सुचवलं की मजुरीचा काही भाग पात्र पीडितांसाठी बाजूला काढण्याचा कायदा करावा; थेट द्यावा किंवा सामायिक निधीतून द्यावा. हेतू उदात्त होता. पण दिल्लीत २५ टक्के कापून निधीत टाकण्याची पद्धत आली, तेव्हा त्या हेतूतलं नेमकं काय उरलं? सुतार बंद्याला कळत नाही पैसा कुणाकडे गेला, पीडिताला कळत नाही तो कुणाकडून आला. पगारातून व्यवसाय कर कापला जातो, तितपतच त्याची जाणीव. इंग्लंडनं १९९६ मध्ये केलेला कायदा २०११ मध्ये अमलात आणला. बाहेर कामाला जाणाऱ्या कैद्याच्या आठवड्याच्या २० पौंडांवरच्या निव्वळ कमाईतून ४० टक्क्यांपर्यंत रक्कम कापायची आणि पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यायची. ज्याचं घर फोडलं त्याचा पत्ता त्या पैशाला ठाऊकच नसतो.

शिवाय ते ५३ रुपये मोकळे पडलेले नसतात. त्यातून कॅन्टीनचा साबण येतो, उरलं तर घरी मनीऑर्डर जाते. सक्तीची चौथाई बहुतेक वेळा अशा पोराच्या वहीतून जाते, ज्यानं काहीच केलेलं नाही.

पूर्वपक्षाचा खरा वजनदार मुद्दा पुढे आहे: गजाआड स्वेच्छा असूच शकत नाही. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत १९८७ पासून बंद्यांनी आपली देणी फेडावीत म्हणून आर्थिक जबाबदारीची योजना आहे. कागदावर ती ऐच्छिक. नाही म्हटलं तर चांगल्या पगाराचं काम जातं, सवलती जातात. या ‘ऐच्छिक’ शब्दाला आपल्याकडे काय म्हणतात ते गावच्या वर्गणीत नाव घातलेल्या कुणालाही विचारावं. दुसरं टोक २०११ मध्ये लाहोरात दिसलं. दोघांना गोळ्या घालणारा अमेरिकन रेमंड डेव्हिस दियत, म्हणजे मृतांच्या वारसांना द्यायची भरपाई, भरली जाताच सुटून गेला. तिथे पैसा देणं कबूल करायला नव्हताच, सुटकेची किंमत म्हणून आला होता.

दोन्ही उदाहरणं मला मान्य आहेत. त्यांवरून सिद्ध एवढंच होतं की देण्याला बक्षीस किंवा शिक्षा जोडली की स्वेच्छा मरते. ती मुळातच अशक्य आहे, हे सिद्ध होत नाही. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना, राजांचा पाठिंबा, आणि भिंत नसलेली कैद्यांची वसाहत. ग. दि. माडगूळकरांनी तिच्यावरून कथा लिहिली, व्ही. शांतारामबापूंनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. भिंत नसताना माणूस राहतो, तो कशाच्या जोरावर राहतो? आणि अलीकडचं पाहायचं तर येरवड्यात २०२२ पासून राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना आहे: बंद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याज, तारण नाही. हप्ते त्याच्या मजुरीतून. म्हणजे कर्जाच्या कागदावर त्याची सही खरी, त्याची इच्छा खरी. मग पीडिताच्या नावानं दहा रुपये टाकायचे म्हणाला, की लगेच ती इच्छा संशयित कशी होते?

तेव्हा व्यवस्था उलट्या बाजूनं बांधावी. या देण्याची नोंद संचित रजेच्या, अभिवचन रजेच्या किंवा शिक्षेत सूट देण्याच्या कागदांत येता कामा नये. वकिलानं ती न्यायालयात वाचून दाखवू नये. मग पुढे येणारे थोडेच असतील. असू देत. त्याच नव्या संहितेतलं कलम ३९५ न्यायालयाला भरपाईचा आदेश देऊ देतं. शिक्षेच्या सातव्या वर्षी एखाद्याच्या मनात आलं तर त्यानं काय करावं, याबद्दल त्या कलमात अक्षर नाही.

उरतो एक आक्षेप, त्याला माझ्याकडे खंडन नाही: ‘त्या हातचा पैसा नको.’ पीडित असं म्हणाला की विषय संपला. त्याला कारण विचारू नये, समुपदेशकही धाडू नये. पैसे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पडून राहावेत. पाच वर्षांनी, मुलीच्या फीच्या वेळी, त्याचं मन बदललं तर त्याला एका अर्जावर ते मिळावेत. पावतीवर रक्कम, तारीख आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक असावा. देणाऱ्याचं नाव छापायचं की नाही, ते घेणाऱ्यानं सांगावं.