उद्यानाधीक्षकाची जागा

बागेत फिरावयास गेलेल्या मनुष्यास फुले दिसतात, हिरवळ दिसते, फार तर झाडांस पाणी घालणारा माळी दिसतो. परंतु ही बाग कोणाच्या हुकुमाने लागली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. नेरूळ-खारघरकडील आपल्या ज्ञातिबांधवांनी तरी तो विचारावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

१८५७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कामावर अधीक्षक नेमावयाचा होता. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड नावाच्या गृहस्थाने त्या जागेसाठी अर्ज केला. पदवी नाही, इंजिनियरची सनद नाही. काही वर्षे शेती केलेली, वर्तमानपत्रांतून प्रवासलेख लिहिलेले आणि प्रकाशनाचा धंदा नुकताच बुडालेला. त्याने थोरामोठ्यांची पत्रे गोळा केली. त्यांत ग्रंथकार वॉशिंग्टन आयर्व्हिंगही होता. (शिफारसपत्रे तिकडेही लागत, हे वाचून आपल्यापैकी काहींस बरे वाटेल!) जागा मिळाली. पुढल्याच वर्षी कॅल्व्हर्ट व्हॉक्स या वास्तुशिल्पज्ञासह त्याने उद्यानाच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली, आणि ज्याच्या हाताखाली तो कामास लागला होता त्या चीफ इंजिनियर व्हीलीच्या जागी स्वतःच मुख्य झाला. मात्र त्याच उद्यानासाठी सेनेका व्हिलेज ही कृष्णवर्णीय घरमालकांची वस्ती १८५७ मध्ये उठविली गेली होती. ती माणसे कोठे पांगली, याचा माग आजही नीट लागत नाही.

आपणांस ही गोष्ट दूरची वाटू नये. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी नेमल्या गेल्या. भाताची शेते गेली, मिठागरे गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात पाच जण गोळीबारास बळी पडले. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे २०१० साली खारघरचे सेंट्रल पार्क आणि २०१२ साली नेरूळचे वंडर्स पार्क लोकांस खुले झाले. नाव तेच न्यूयॉर्कचे, हा योगायोग नव्हे काय?

या बागांत आपली मुले दिसतात खरी. पण ती बहुधा ठेकेदाराच्या हजेरीपटावर, हातात पाइप व विळा घेऊन. अधीक्षकाच्या खुर्चीत ती क्वचितच आढळतात. कष्टाची लाज मुळीच नाही. परंतु कोणते झाड ठेवावे, मुलांच्या खेळास किती जागा सोडावी, म्हाताऱ्यांसाठी बाक सावलीत असावे की उन्हात, हे ठरविणारा मनुष्य वेगळा असतो. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याने शहरांतून वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी यांची योजना झाल्यापासून तर झाड तोडण्याची परवानगीही या खात्याच्या कागदांतून जाऊ लागली.

ओल्मस्टेडप्रमाणे पदवीवाचून अर्ज करण्याचे दिवस आता गेले. अशा जागांस बहुधा कृषी वा उद्यानविद्येची पदवी मागतात, आणि त्यानंतर खात्यातील अनुभव. हे शिक्षण देणारे दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या कोकणातच आहे. तेथील प्रवेशासाठी मुलाने वा मुलीने बारावीस विज्ञान घेतलेले असावे लागते. म्हणजे निर्णय दहावीच्या निकालाबरोबरच करावयाचा असतो. ज्या घरांत आजोबांस खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत कोणते झाड जगते हे न वाचता ठाऊक होते, त्या घरांत त्या निकालाच्या दिवशी आयटीआय आणि वाणिज्य एवढ्याच दोन गोष्टींचा विचार होतो, असा माझा अनुभव आहे.