चुना लावण्याचा इतिहास

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' ही म्हण ज्याने काढली, त्याचे घर नवे कोरे असावे. जुन्या घराला आतून रंग द्यायचा प्रसंग त्या गृहस्थावर आला असता, तर म्हणीला तिसरा चरण फुटला असता आणि तो छापण्याजोगा नसता.

आमचे घर ट्रॉम्ब्याला. जुन्या कागदोपत्री गावाचे नाव तुर्भे. खाडीपलीकडे नव्या मुंबईतही एक तुर्भे असल्यामुळे आमच्याकडे जेवायला निघालेले एक पाहुणे तिकडे चहा पिऊन, आम्हाला शिव्या देत घरी परतल्याची नोंद आहे. १९२८ साली अंधेरीहून कुर्ल्यावरून ट्रॉम्ब्याला रेल्वे आली. गाव आता भरभराटणार म्हणून आजोबांनी घर बांधायला काढले. घर पूर्ण झाले आणि १९३४ साली रेल्वे बंद पडली. गाडी गेली, घर राहिले. हातभर जाडीच्या भिंती, विटा चुन्यात बसवलेल्या, गिलावाही चुन्याचाच. एकही भिंत ओळंब्यात नाही, पण एकही पडलेली नाही.

यंदा घराला रंग द्यायचा ठरला आणि आमच्याकडे चार पक्ष झाले. सौ.ला आकाशी हवा. चिरंजीवांना पांढरा. सूनबाईंना तीन भिंती फिक्या आणि एक भिंत गडद. चौथा पक्ष मी. माझे मत विचारण्यात आले, पण ते निर्णय झाल्यावर. दुकानातून रंगांचे कार्ड आले, त्यात नुसते पांढरेच सतरा निघाले. मी सतराही पांढरे उजेडात धरून पाहिले आणि एवढेच कळले की मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आता उशीर करून चालणार नाही.

रंगारी आला. त्याने पत्रा घेतला आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात भिंत वीतभर खरवडली. अहो, हडप्पा! सगळ्यात वर क्रीम, त्याखाली गुलाबी, त्याखाली पिस्ता, मग निळसर चुना आणि सगळ्यात तळाशी आजोबांच्या काळचा शुभ्र चुना. ताईचे लग्न गुलाबीत झाले, माझी मॅट्रिक पिस्त्यात. माणसे डायरी लिहितात, आमच्या घरी भिंतीच लिहीत होत्या.

तळापासून सुरुवात करू. 'चुना लावणे' याला आपल्या भाषेत फसवणे असा अर्थ चिकटला हा चुन्यावर अन्याय आहे. चुन्याइतका प्रामाणिक रंग दुसरा नाही. शिंपले किंवा चुनखडी भट्टीत भाजायची, ती पाण्यात विरवायची. पिंपात टाकली की रटारटा उकळते. लहानपणी तो आम्हाला फुकटचा तमाशा असे. हा चुना भिंतीवर गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पुन्हा दगड होतो. म्हणजे भिंतीला रंग फासला असे नव्हे, तर दगडाचे पातळ पांघरूण घातले. कुंचा फिरवताना भिंत कळकट, ओलसर दिसते आणि वाळता वाळता पांढरी होते. हार्बर लाइनवरच्या चुनाभट्टी स्टेशनावरून रोज लाखो माणसे जातात, पण या नावाकडे कोणी लक्ष देत नाही. शहर गोरे करणाऱ्या भट्ट्यांचे एवढेच स्मारक उरले आहे.

पण नुसता चुना पिवळट दिसतो, म्हणून त्यात नीळ. ही कपड्यांची नीळ शेतातल्या निळीच्या झाडाची नव्हे. पूर्वी असा निळा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाची पूड करून मिळे आणि तो इतका महाग असे की चित्रकार त्याचा हिशेब वेगळा ठेवीत. १८२४ साली फ्रान्समधल्या एका संस्थेने, हा रंग स्वस्तात करून दाखवील त्याला सहा हजार फ्रँक असे बक्षीस लावले आणि १८२८ साली ते गिमे नावाच्या गृहस्थाला मिळाले. माती, सोडा आणि गंधक भट्टीत घालून त्याने राजेरजवाड्यांचा निळा रंग धोब्याच्या हातात दिला. चुन्यासारख्या दाहक पदार्थात हा रंग वर्षानुवर्षे टिकतो, पण आम्लापुढे मान टाकतो. म्हणूनच आमच्या बाजूच्या हवेत त्याचे कठीण. शेजारच्या चेंबूरला लोक एके काळी 'गॅस चेंबर' म्हणत. निळीने अशा हवेत तग धरावा ही अपेक्षाच जादा.

सौ.च्या आकाशी रंगाला आमच्या गावात दुसराही आधार आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी इथल्या टेकडीपलीकडे आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिच्या पाण्यात एक निळी प्रभा दिसते. पंडित नेहरूंनी जानेवारी १९५७ मध्ये तिला 'अप्सरा' असे नाव दिले ते त्या निळ्या प्रकाशावरूनच. ती २००९ मध्ये थांबली आणि २०१८ मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू झाली. सौ.ने हे ऐकून घेतले आणि रंगाऱ्याला म्हणाली, "हां, तसलाच दाखवा." रंगारी म्हणाला, "तो कार्डात नाय वहिनी."

चुन्यावरचा पिस्ता म्हणजे डिस्टेंपर. खडूची पूड आणि सरस असा जुना मामला. हा रंग भिंतीइतकाच माणसांच्या पाठीवर शोभे. कोण कोणाकडे टेकून बसून आला ते शर्टावरून कळे. पुढे तेलातला डिस्टेंपर आला आणि पाठी स्वच्छ झाल्या. देशी रंगांना खरी उचल दिली ती दुसऱ्या महायुद्धाने. परदेशी रंगांची आयात अडली आणि १९४२ साली मुंबईतल्या चार मित्रांनी एका गॅरेजात रंगाचा उद्योग काढला. तीच पुढची एशियन पेंट्स. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी त्यांना हातात ब्रश आणि कपाळावर केसांची बट असलेला गट्टू काढून दिला. आमच्या पिढीला देशातले अर्धे मंत्री ओळखू आले नसते, पण गट्टू ओळखू येई. २००२ साली तोही निवृत्त झाला. त्याला पेन्शन मिळाली की नाही, कळायला मार्ग नाही.

आता चिरंजीवांचा पांढरा. आजचा पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. प्रकाश वाकवण्यात तो हिऱ्यालाही मागे टाकतो, म्हणून दोन हातांत खालचा सारा इतिहास झाकला जातो. तो निघतो केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून. तिरुवनंतपुरमला १९४६ साली त्यासाठी कंपनी निघाली. त्याच वाळूत दुसरे एक खनिज असते मोनाझाइट आणि मोनाझाइटात थोरियम. ते थोरियम वेगळे करण्याचे काम १९५५ पासून कुठे सुरू झाले म्हणता? ट्रॉम्ब्याला! त्यातून पेट्रोमॅक्सच्या बत्तीच्या जाळीचे रसायन बने. ताईच्या लग्नात मांडवात बत्त्या फुरफुरत होत्या. त्यांचा प्रकाश आणि ही भिंत एकाच वाळूची लेकरे असू शकतात हे मी चिरंजीवांना सांगितले. ते म्हणाले, "बाबा, मॅट की ग्लॉसी तेवढं सांगा."

तेवढे सांगणे सोपे होते. तकाकी चुगलखोर असते. सरळ भिंतीवर ती राजबिंडी दिसते, पण आमच्यासारख्या भिंतीवर संध्याकाळी दिवा लावला की प्रत्येक पोक, प्रत्येक खड्डा उठून बोलू लागतो. दुसरे असे की चुन्याची भिंत ओल पिते आणि हवेला परत देते. तिच्यावर प्लॅस्टिक पेंट चढवणे म्हणजे वैशाखात म्हाताऱ्याला रेनकोट घालणे. आत ओल कोंडते, खाडीच्या हवेचे मीठ फुलते आणि वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. वरचे क्रीम तसेच सुटत होते.

इथवर सगळे हसण्यावारी चालले होते. रंगाऱ्याने खालच्या पट्ट्याला पत्रा लावला तेव्हा मात्र मी त्याचा हात धरला. भिंतीच्या खालच्या कमरेइतक्या भागाला जुना पिवळा ऑइलपेंट होता, आणि दीड वर्षांची नात नेमकी तिथेच धरून उभी राहायला शिकते आहे. जुन्या तेली रंगांत शिसे असायचे. पिवळ्या-तांबड्या रंगांत तर हमखास. आपला शेंदूरही शिशाचाच. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे दहा लाख भागांत नव्वद भाग असा निर्बंध आला तो १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या भिंती आहेत तिथेच आहेत. रंग भिंतीवर घट्ट बसलेला असतो तोवर तो गरीब. कोरडा खरवडला की त्याची धूळ होते, ती बोटांवरून मुलांच्या तोंडात जाते आणि मेंदूवर बसते. तिथून ती कोणाला खरवडून काढता येत नाही.

रंगारी म्हणाला, "काका, तीस वर्सं घासतोय, मला काय झालं?" त्याला मी काय सांगणार? त्याचा खोकला मला शेजारच्या खोलीत ऐकू येत होता. त्याच्या तोंडावर बांधायला चांगली पट्टी आणून दिली. घट्ट पट्ट्याला हात लावायचा नाही, वरून बिनशिशाच्या रंगाचा थर द्यायचा. जे सुटले आहे ते पाणी मारून ओले असतानाच काढायचे, कचरा पिशवीत बांधायचा आणि फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, असे ठरले. सूनबाई नातीला घेऊन दहा दिवस माहेरी गेली. गडद भिंतीचा विषय तिने जाताना स्वतःहून सोडला.

वरच्या भिंतीचे डिस्टेंपर धुऊन काढले आणि चुना विरवला. तीन हात दिले. पहिल्या दिवशी भिंत अशी कळकट दिसली की चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आपण होऊन म्हणाले, "बरी दिसतेय." सौ.ने शेवटच्या हातात चिमूटभर नीळ स्वतः टाकली. तिच्या मते खोली आकाशी आहे, चिरंजीवांच्या मते पांढरी. रंगाऱ्याने पैसे मोजून घेतले आणि विचारले, "काका, हा चुना कुठनं आणलात? माझ्याही घराला लावीन म्हणतो."