फ्लाइट सिम्युलेटर मध्येच बंद पडतंय? ग्राफिक्स कार्डाचा बिघाड कसा शोधायचा, आणि समुद्रकिनारी वेगळं काय होतं

घरी बसून विमान उडवण्याचा छंद आता फक्त मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, उरण या पट्ट्यातही जॉयस्टिक, पेडल आणि मोठा स्क्रीन लावून बसणारे आहेत. कुणाला पायलट व्हायचं आहे, तर कुणी निवृत्तीनंतर हौस भागवतो. रायगड जिल्ह्यातच उलव्याजवळ नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. त्यामुळे आपल्याच खाडीवरून उतरण्याचा सराव करण्याची गंमत आणखी वाढली आहे.

पण विमान धावपट्टीसमोर आलेलं असतानाच स्क्रीन काळा पडतो, चित्र गोठतं किंवा रंगीत चौकोन नाचू लागतात. मग पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. हा भाग कॉम्प्युटरमधल्या सर्वात महागड्या भागांपैकी एक असतो, त्यामुळे 'कार्ड गेलं' असं ऐकलं की पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात अनेकदा कार्ड धडधाकट असतं. दोष वायरमध्ये, विजेत, उष्णतेत किंवा ड्रायव्हरमध्ये असतो. म्हणून नवीन कार्ड घेण्याआधी क्रमाने काय तपासायचं, ते पाहूया.

कार्ड नेमकं काय काम करतं?

सिम्युलेटरमध्ये दोन मोठी कामं एकाच वेळी चालतात. विमानाचं उड्डाण, हवा, इतर विमानं, कॉकपिटमधली यंत्रणा यांचा हिशेब मुख्य प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून प्रत्येक क्षणाचं चित्र रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्डाचं. चित्रासाठी लागणारा मजकूर, म्हणजे जमिनीचे फोटो, इमारती, ढग, कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवला जातो. तिला व्हीरॅम म्हणतात.

'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४' साठी किमान ४ जीबी व्हीरॅम सांगितली आहे, शिफारस ८ जीबीची आहे आणि उत्तम अनुभवासाठी १२ जीबीची. त्यामुळे ४ जीबीच्या कार्डावर मुंबईसारख्या दाट शहरावरून उडताना चित्र अडखळलं, तर तो बिघाड नाही. ती त्या कार्डाची मर्यादा आहे.

आधी ठरवा: दोष कार्डाचा आहे का?

*चित्र अडखळतं, पण बंद पडत नाही.* टास्क मॅनेजर उघडून कार्डाचा वापर किती टक्के आहे ते बघा. तो ९५ ते १०० टक्के असेल तर कार्ड पूर्ण क्षमतेने राबतंय. ५०-६० टक्केच असेल आणि तरी चित्र अडखळत असेल, तर बहुधा प्रोसेसर मागे पडतोय. फक्त फ्रेमची मर्यादा किंवा व्ही-सिंक चालू नाही ना, एवढं आधी पाहून घ्या. दुसरी सोपी चाचणी: रिझोल्यूशन कमी करा. वेग लगेच वाढला तर अडचण कार्डाकडे आहे, काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसरकडे.

*जमीन धूसर दिसते.* नवे सिम्युलेटर जमिनीची चित्रं इंटरनेटवरून उड्डाण चालू असतानाच मागवतात. २०२४ च्या आवृत्तीसाठी किमान १० आणि शिफारस म्हणून ५० एमबीपीएस वेग सांगितला आहे. गावातलं इंटरनेट संध्याकाळी मंदावत असेल तर डोंगर मेणासारखे वितळलेले दिसतात. यात कार्डाचा दोष नाही.

*रंगीत ठिपके, चौकोन, रेघा दिसतात.* स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा. रेघा त्यातही दिसल्या तर चित्र तयार होतानाच बिघडतंय, म्हणजे कार्ड, त्याची मेमरी किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर केबल किंवा मॉनिटर तपासा. आणि कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोज यायच्या आधीच रेघा दिसत असतील, तर ड्रायव्हरचा प्रश्न उरत नाही.

*स्क्रीन क्षणभर काळा होऊन परत येतो.* कार्डाने ठरावीक वेळेत, साधारण २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिम नोंदींत अशा वेळी ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते.

*अख्खा कॉम्प्युटर धाडकन बंद होतो.* इथे आधी विजेवर संशय घ्या. नोंदींत 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती नोंद सांगते. कारण तुम्हाला शोधावं लागतं.

किनाऱ्यावर वेगळं काय होतं?

पुण्याच्या मित्राचा कॉम्प्युटर पाच वर्षं विनातक्रार चालतो आणि मुरुडचा दुसऱ्याच पावसाळ्यात कुरकुरतो, याला कारणं आहेत.

पहिलं कारण मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात. कॉम्प्युटरचे पंखे दिवसभर हीच हवा आत ओढतात आणि धुळीबरोबर मीठही पट्ट्यांवर बसतं. कोरडं मीठ फारसं त्रास देत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं. पावसाळ्यात कोकणात आर्द्रता बहुतेक वेळ याहून जास्तच असते. हा खारट ओलावा वीज वाहून नेतो आणि तांबं, लोखंड, झिंक यांना खातो. कॅबिनेटचे स्क्रू गंजलेले किंवा पोर्टवर हिरवट थर दिसला तर आतही तेच चाललंय असं समजा.

दुसरं कारण दव. एसी लावून खोली २२ अंशांवर आणली, नंतर एसी आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करून खिडकी उघडली, तर बाहेरची दमट हवा थंड धातूवर येऊन पाणी सोडते. थंडगार ग्लासवर थेंब जमतात तसंच. म्हणून एसी बंद केल्यावर निदान तासभर खिडकी उघडू नका, आणि खिडकी उघडल्या उघडल्या मशीन सुरू करू नका.

तिसरं कारण वीज. पावसाळ्यात वीज जाते, येते, पुन्हा जाते. या झटक्यांचा मार आधी पॉवर सप्लायवर, म्हणजे एसएमपीएसवर बसतो. तो कमजोर झाला की सगळ्यात जास्त वीज मागणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आधी तक्रार करतो. आपण मात्र दोष कार्डाला देतो.

तपासणीचा क्रम

फुकटचे उपाय आधी आणि खर्चाचे शेवटी, असा क्रम ठेवा. एका वेळी एकच बदल करा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

१. केबल बघा. मॉनिटरची केबल कार्डाच्याच पोर्टला आहे ना? साफसफाईनंतर ती चुकून मदरबोर्डच्या पोर्टला लागणं ही फार नेहमीची चूक आहे.

२. ओव्हरक्लॉक काढा. कार्डाचा वेग वाढवला असेल तर मूळ वेगावर आणा. इतर खेळ चालतात म्हणून सिम्युलेटरही चालेल असं नाही. इथे कार्ड तासन्‌तास सलग राबतं.

३. ड्रायव्हर नव्याने टाका. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' नावाचं मोफत साधन सेफ मोडमध्ये चालवून जुना ड्रायव्हर पूर्ण काढा आणि मग नवा टाका. त्रास नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाला असेल तर आधीची आवृत्ती टाकून बघा. सिम्युलेटरमध्ये बाहेरून घेतलेली विमानं आणि विमानतळ असतील तर ते फोल्डर तात्पुरते बाजूला ठेवा.

४. तापमान मोजा. 'जीपीयू-झेड' किंवा 'एचडब्ल्यूइन्फो' चालू ठेवून अर्धा तास उड्डाण करा. बऱ्याच कार्डांना ८० अंशांच्या आसपासचं तापमान चालतं. त्यातल्या सर्वात गरम बिंदूचं आणि सरासरी तापमानाचं अंतर ३० अंशांच्या पुढे जात असेल, तर आतली थर्मल पेस्ट वाळली असण्याची शक्यता आहे. खोली जितक्या अंशांनी गरम, साधारण तितकंच कार्डही गरम राहतं. म्हणून मे महिन्यातला त्रास डिसेंबरात गायब होतो. आणि साधं काम करताना पंखे थांबलेले दिसले तर घाबरू नका, अनेक कार्डांचे पंखे तापमान वाढल्यावरच फिरतात.

५. विजेचा हिशेब करा. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॉट मिळतात, ६ पिनांच्या जोडणीतून ७५ आणि ८ पिनांच्या जोडणीतून १५०. दोन ८ पिनांची कार्डं असतील तर एकाच केबलच्या दोन फाट्यांऐवजी दोन वेगळ्या केबल लावा. नव्या १६ पिनांच्या जोडणीचं टोक पूर्ण आत बसलंय का ते नीट पाहा. ते अर्धवट राहिलं तर वितळू शकतं. एका एसएमपीएसच्या केबल दुसऱ्याला कधीही लावू नका. टोक सारखं दिसलं तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि कार्ड जळू शकतं.

६. यूपीएस तपासा. बाजारातला ६०० व्हीए चा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटच देऊ शकतो. मोठं कार्ड आणि प्रोसेसर एकदम राबले की तो कमी पडतो आणि मशीन बंद होतं. शिवाय स्वस्त यूपीएस आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, काही चांगल्या एसएमपीएसना ते मानवत नाही. वीज जाताच यूपीएस असूनही मशीन बंद पडत असेल तर हेच कारण असू शकतं.

७. अर्थिंग बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल आटते आणि अर्थिंग कमकुवत होतं. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. इथे प्रश्न कार्डापुरता नाही, जिवाचा आहे.

८. कार्ड काढून पुन्हा बसवा. आधी प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि खाचेची कडी दाबून कार्ड काढा. संपर्कपट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. आपल्याकडे खोडरबर घासायची पद्धत आहे, पण त्याने वरचा सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि खाऱ्या हवेत उघडं पडलेलं तांबं लवकर गंजतं.

९. अदलाबदल करून बघा. कार्ड मित्राच्या मशीनमध्ये लावा किंवा त्याचं आपल्या मशीनमध्ये. दोष कार्डाबरोबर गेला तर कार्ड, जागेवरच राहिला तर एसएमपीएस, रॅम किंवा मदरबोर्ड. सर्वात खात्रीची चाचणी हीच.

दुरुस्तीला नेताना

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर बदलूनही ४३ क्रमांकाची त्रुटी येत असेल, किंवा दुसऱ्या मशीनमध्येही रेघा दिसत असतील, तर कार्ड जाणकाराकडे न्या. ओव्हनमध्ये कार्ड तापवण्याचे व्हिडिओ दिसतात. तसं केल्याने कार्ड टिकत नाही आणि विषारी धूर मात्र घरात पसरतो.

मांडव्याहून बोटीने किंवा पेणमार्गे एसटीने लॅमिंग्टन रोडला अख्खं मशीन नेणार असाल, तर जड कार्ड काढून वेगळं, अँटिस्टॅटिक पिशवीत न्या. हादऱ्यांनी खाच तुटते. वॉरंटीत असेल तर ते स्वतः उघडू नका. बिल आणि खोका जपून ठेवा. गंज आणि पाण्याने झालेलं नुकसान अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, म्हणून किनाऱ्यावर काळजी घेणं हीच खरी वॉरंटी.

पावसाळ्याआधीची तयारी

मे महिन्यात एकदा आतली धूळ ब्लोअरने काढा. पंखे फिरू न देता, बोटाने धरून. मशीन जमिनीवर किंवा समुद्राकडच्या खिडकीखाली ठेवू नका. घर फक्त शनिवार-रविवारपुरतं उघडत असेल तर मशीन महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा प्रत्येक फेरीत तासभर चालवा, आतली ऊब ओल घालवते. विजा कडाडत असताना प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढा. यूपीएस विजेच्या तडाख्यापासून वाचवत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा छपरं उडाली, घरांत पाणी शिरलं आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. अशा प्रसंगानंतर भिजलेलं मशीन 'चालतंय का बघू' म्हणून सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरा. पाणी एकटं क्वचितच कार्ड मारतं, ओल्या कार्डातून वाहिलेली वीज मारते. भाग सुटे करा, खारं पाणी गेलं असेल तर जाणकाराकडून अल्कोहोलने धुऊन घ्या, पूर्ण वाळू द्या आणि मगच बटण दाबा.

खरा पायलटही इंजिन बंद पडल्यावर विमान सावरून यादीप्रमाणे एकेक गोष्ट तपासतो. घरच्या कॉकपिटलाही तोच नियम लावला, तर अनेकदा नवीन कार्डाचे पैसे वाचतात.