काढणें आणि राखणें

इ. स. १८०९ च्या नाताळाचा दिवस. अमेरिकेंतील केंटुकी प्रांतांत डॅनव्हिल नांवाचें एक लहानसें गांव आहे, तेथें डॉ. एफ्रेम मॅक्‌डॉवेल यांच्या घरीं जेन टॉड क्रॉफर्ड नांवाची एक स्त्री लांकडी मेजावर निजली होती. वाढत्या पोटाचें कारण गरोदरपण नसून अंडाशयाची गांठ आहे, असें निदान ठरल्यावर ही बाई कडाक्याच्या थंडींत घोड्यावर बसून सुमारें ६० मैल चालून आली होती. भुलीचें औषध त्या काळीं ठाऊक नव्हतें, जंतूंची कल्पनाहि कोणास नव्हती. पोट उघडलें कीं मनुष्य दगावतो, हाच त्या वेळच्या वैद्यकाचा सिद्धान्त होता. जेनबाईंनीं स्तोत्रें म्हणत वेदना सोसल्या. डॉक्टरांनीं २५ मिनिटांत सुमारें २२ पौंडांची गांठ काढली. पांचव्या दिवशीं ही बाई आपलें अंथरूण आपणच आवरतांना दिसली, पंचविसाव्या दिवशीं घोड्यावरूनच घरीं परतली, आणि त्यानंतर तीसहून अधिक वर्षें जगली.

स्त्रियांच्या उदरावरील शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास या प्रसंगापासून सुरू होतो असें मानतात. त्या इतिहासाचा आरंभ काढण्यानें झाला, हें स्वाभाविकच होतें. प्राण कंठाशीं आले असतां मागें काय उरलें हें विचारण्यास सवड कोणास असणार? परंतु पुढील दोनशें वर्षांकडे दृष्टि टाकली म्हणजे असें दिसतें कीं, या विद्येची खरी परीक्षा दुसऱ्याच प्रश्नानें झाली. रोग तर गेला. पण स्त्रीची माता होण्याची शक्ति राहिली कीं तीहि रोगाबरोबर गेली? आज दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हटली कीं लहान जखम, थोडे टांके आणि लौकर घरीं जाणें एवढेंच लोकांच्या मनांत येतें. वस्तुतः लहान जखमेची कल्पना मागाहून मोठी झाली. राखण्याची कल्पना तिच्याआधीं रुजली होती.

१८४६ सालीं बोस्टन शहरांत ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. १८६७ सालीं जोसेफ लिस्टर यांनीं जंतुनाशक पद्धति प्रसिद्ध केली. या दोन शोधांनीं पोट उघडणें पूर्वींपेक्षां पुष्कळच निर्धोक झालें. मात्र जें सोपें होतें त्याचा मोहहि पडतो. १८७२ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांत डॉ. रॉबर्ट बॅटी यांनीं मासिक वेदना आणि मज्जातंतूंचे विकार यांवर उपाय म्हणून स्त्रीचे अंडाशय काढण्याची प्रथा सुरू केली. हे अंडाशय पुष्कळ वेळां निरोगी असत. अमेरिकेंत आणि युरोपांत ही शस्त्रक्रिया कित्येक वर्षें फोफावली, आणि तरुण स्त्रिया ज्या दुखण्यासाठीं आल्या तें दुखणें बरोबर घेऊन, पण मातृत्वाची आशा मागें ठेवून, घरीं परतल्या. गर्भाशयांत मांसल गांठी झाल्या तरी तोच न्याय. या गांठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. परंतु गांठीसकट सबंध गर्भाशय काढणें हाच सरळ व झटपट मार्ग समजला जाई.

या प्रवाहाविरुद्ध ठामपणें उभे राहिलेले गृहस्थ म्हणजे लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांतील व्हिक्टर बॉनी. त्यांच्या पत्नीस अशाच गांठी झाल्या आणि विवाहानंतर थोड्याच काळांत तिचें गर्भाशय काढावें लागलें. घरांत मूल आलें नाहीं. जी गोष्ट आपल्या पत्नीच्या बाबतींत घडली ती इतर स्त्रियांच्या बाबतींत टाळावी, हा ध्यास या गृहस्थांनीं आयुष्यभर बाळगला. व्यंग न येतां आणि अवयवाचें कार्य न गमावतां रोग बरा करणें हाच शस्त्रवैद्याचा परम आदर्श होय, असा त्यांचा आग्रह होता. अडचण होती ती रक्तस्रावाची. गर्भाशयाला रक्ताचा पुरवठा फार मोठा. एकेक गांठ सोलून काढूं लागलें कीं रक्त थांबेना. बॉनी यांनीं रक्तवाहिन्या तेवढ्या वेळापुरत्या दाबून धरणारा एक खास चिमटा तयार केला, शक्य तेथें एकाच छेदांतून अनेक गांठी काढण्याची रीत बसविली, आणि उरलेल्या पोकळ्या शिवून गर्भाशय पुन्हां घडविलें. गर्भाशय काढून टाकणें अधिक सुरक्षित आहे, हा समकालीनांचा आक्षेप सर्वस्वीं खोटा नव्हता. गांठी सोलण्याच्या कामीं धोका अधिक आणि कौशल्यहि अधिक लागे. म्हणूनच बॉनी यांनीं त्या कौशल्याचा बारीकसारीक तपशील १९४६ सालीं स्वतंत्र ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रिया पोट उघडूनच होत; पण राखण्याचा विचार त्यांनीं शस्त्रवैद्यकांत कायमचा आणून बसविला.

याच विचाराचा दुसरा थोर पुरस्कर्ता आपल्या मुंबईंत होऊन गेला, ही महाराष्ट्र-गोमंतकास अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ सालीं गोमंतकांत झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिक्षण आणि पुढें तेथेंच अध्यापन, असा त्यांचा क्रम. कांहीं स्त्रियांचा गर्भ चौथ्यापांचव्या महिन्यांत एकसारखा गळून पडतो. पाळणा बांधण्याची वेळ येते न येते तोंच घरावर शोककळा पसरते, आणि दोष मात्र त्या स्त्रीच्या नशिबाला दिला जातो. शिरोडकरांनीं दाखवून दिलें कीं, अशा कित्येक प्रसंगीं दोष नशिबाचा नसून गर्भाशयाच्या मुखाचा असतो. वाढत्या गर्भाचा भार त्याला पेलत नाहीं आणि तें अकालीं उघडतें. त्यांनीं स्त्रीच्याच मांडींतील चिवट पडद्याची एक पट्टी घेऊन ती गर्भाशयाच्या मुखाभोंवतीं टांक्यासारखी बांधली. पिशवीच्या तोंडाला नाडी बांधावी तसा हा प्रकार. पोटावर छेद नाहीं. सर्व काम योनिमार्गानें. १९५५ सालीं त्यांनीं ही रीत प्रसिद्ध केली आणि ‘शिरोडकर टांका’ हें नांव जगभरच्या प्रसूतिगृहांत रूढ झालें.

राखण्याची बुद्धि अशी जागी झाली, तरी पोट उघडण्याचा दोष उरलाच. मोठा छेद घेतला, आंतडीं हाताळलीं, नाजूक आवरणें उघड्या हवेंत कोरडीं पडलीं, कीं भरून येतांना आंतील अवयव एकमेकांस चिकटतात. गर्भनलिका ही अगदीं बारीक; तिचें झालरीसारखें टोंक अंडाशयापाशीं मोकळें हलावयास हवें. तें चिकटून बसलें म्हणजे गर्भाशय शाबूत असूनहि मूल होत नाहीं. म्हणजे राखण्यासाठीं केलेली शस्त्रक्रियाच कधीं कधीं वांझपणाचें कारण होई. येथें दुर्बिणीचें महत्त्व आहे.

शरीराच्या आंत डोकावण्याचा यत्न जुना आहे. फ्रँकफुर्टचे फिलिप बोझिनी यांनीं १८०६ च्या सुमारास मेणबत्तीच्या उजेडावर चालणारें यंत्र केलें. १९०१ सालीं जर्मन वैद्य गेऑर्ग केलिंग यांनीं कुत्र्याच्या पोटांत हवा भरून नळीनें आंत पाहून दाखविलें. १९१० सालीं स्टॉकहोमचे याकोबेउस यांनीं तोच प्रयोग माणसांवर केल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु या विद्येला स्त्रीरोगशास्त्रांत घर मिळालें तें पॅरिसमध्यें, आणि तेंहि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. शहरावर जर्मनांचा अंमल होता. अशा दिवसांत डॉ. राऊल पामर यांनीं मूल न होणाऱ्या स्त्रियांच्या पोटांत दुर्बीण घालून कारण शोधण्याचें काम आरंभिलें. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ या कामांत सहकारी होत्या. स्त्रीचें डोकें खालीं आणि कंबर वर अशी मेजाला उतरण द्यावयाची, पोटांत बेतानें वायु भरावयाचा, म्हणजे आंतडीं वर सरकून गर्भाशय, नलिका आणि अंडाशय स्पष्ट दिसूं लागतात. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या दुर्बिणीचें स्त्रीरोगशास्त्रांतील पहिलें मोठें काम कांहीं कापण्याचें नव्हतें. मूल कां होत नाहीं हें पाहण्याचें होतें.

पुढें हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्लंडमधील पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९५९ सालीं काचेच्या दांड्यांची नवी दुर्बीण योजिली, आणि काचतंतूंतून बाहेरच्या दिव्याचा थंड प्रकाश आंत नेतां येऊं लागला. त्यापूर्वीं नळीच्या टोंकावरील दिव्यानें आंतडें भाजण्याची भीति असे. इंग्लंडांत ओल्डहॅम या गिरण्यांच्या गांवीं डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांनीं पामर यांच्याकडून हें तंत्र आत्मसात केलें आणि १९६७ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्‌स आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी यांना स्त्रीबीज पाहिजे होतें, आणि तें पोट न फाडतां मिळविण्याची युक्ति स्टेप्टो यांच्यापाशीं होती. लेस्ली ब्राऊन या स्त्रीच्या दोन्हीं नलिका बंद होत्या. दुर्बिणीच्या साह्यानें तिचें एक बीज घेण्यांत आलें. २५ जुलै १९७८ रोजीं लुईझ ब्राऊन ही मुलगी जन्मली. शरीराबाहेर गर्भधारणा होऊन जन्मास आलेलें तें जगांतील पहिलें मूल.

पाहण्याच्या नळींतून शस्त्रक्रियाहि करतां येईल, हें मात्र वैद्यकाच्या धुरीणांच्या गळीं सहजासहजीं उतरलें नाहीं. जर्मनींतील कील येथील प्राध्यापक कुर्ट झेम यांनीं वायूचा दाब आपोआप राखणारें यंत्र केलें, रक्तस्राव थांबविण्याचीं आणि पोटाच्या आंतच टांके घालण्याचीं साधनें बनविलीं. १९७० सालीं त्यांनीं कील येथील विभागाचीं सूत्रें हातीं घेतलीं, तेव्हां सहकाऱ्यांनीं त्यांना मेंदूची तपासणी करून घेण्यास लाविलें. ठिकाणावर असलेला मनुष्य असले उद्योग करणार नाहीं, असा त्यांचा तर्क. १९८० सालीं झेम यांनीं दुर्बिणीनें आंत्रपुच्छ काढलें, तर त्यांना कामावरून दूर करावें अशी मागणी झाली. आज तीच शस्त्रक्रिया नित्याची झाली आहे.

या साधनांचा खरा उपयोग राखणाऱ्या हातांनीं करून घेतला. गर्भ गर्भाशयाऐवजीं नलिकेंतच रुजला तर नलिका फुटून स्त्री दगावते. १८८३ सालीं बर्मिंगहॅमचे लॉसन टेट यांनीं नलिका काढून अशा स्त्रीचा जीव वांचविला होता. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथील डॉ. मॉरिस ब्रुआ व त्यांचे सहकारी यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेली रीत निराळी होती: दुर्बिणीनें नलिकेवर लहानशी चीर द्यावयाची, आंतील गर्भ काढून घ्यावयाचा, आणि नलिका जागच्या जागीं राहूं द्यावयाची. १९८७ सालीं लियाँ येथील डॉ. दानिएल दार्जां यांनीं याहून धाडसाचें पाऊल टाकलें. गर्भाशयमुखाचा कर्करोग आरंभींच्या अवस्थेंत असलेल्या तरुण स्त्रियांत त्यांनीं ओटीपोटांतील ग्रंथि दुर्बिणीनें तपासून, रोगट मुख तेवढें योनिमार्गानें काढलें आणि गर्भाशय राखलें. उरलेल्या गर्भाशयाला आधार म्हणून टांका बांधावा लागतो. त्या टांक्यामागील कल्पना शिरोडकरांच्याच कल्पनेची बहीण आहे. या स्त्रियांपैकीं कित्येकींना पुढें मुलें झालीं.

तथापि लहान छिद्र म्हणजे सर्वस्वीं कल्याण, असें समजणें भोळेपणाचें होईल. मोठी गांठ लहान छिद्रांतून काढावयाची तर तिचे तुकडे करावे लागतात. त्यांत क्वचित् न ओळखलेला कर्करोग असल्यास तो पोटांत पसरतो. या कारणास्तव अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें २०१४ सालीं तुकडे करणाऱ्या यंत्राविषयीं इशारा दिला. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षणांत असें आढळलें कीं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं सबंध गर्भाशय दुर्बिणीनें काढलेल्या स्त्रियांपैकीं साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहिल्या त्या शेंकडा ८६. पोट उघडून काढलेल्यांपैकीं शेंकडा ९६.५. छेद लहान आणि हानि मोठी, असेंहि होऊं शकतें. साधन हें साधनच. विवेकाची जागा तें घेऊं शकत नाहीं.

महाराष्ट्रांत या विद्येचीं दोन्हीं टोंकें एकाच काळांत दिसलीं. पुण्यांत २०१७ च्या मे महिन्यांत डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूनें भारतांतील पहिलें गर्भाशयारोपण केलें. आईचें गर्भाशय दुर्बिणीनें काढून मुलीच्या ओटीपोटांत बसविण्यांत आलें. पुढील वर्षींच्या ऑक्टोबरांत त्याच गर्भाशयांतून एक बालिका जन्मली. ज्या उदरांत आई वाढली त्याच उदरांत लेकहि वाढली! आणि त्याच सुमारास, २०१९ सालीं, बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची हकीकत उघडकीस आली. शासनानें नेमलेल्या समितीच्या पाहणींत सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ‘पिशवी’ काढलेली आढळली. कित्येकींनीं चाळिशीहि ओलांडली नव्हती. अंगावरून पांढरें जाणें, अनियमित पाळी अशा तक्रारी घेऊन ही बाई दवाखान्यांत जाते. कर्करोगाची भीति घातली जाते. आणि एक दिवस कामावर खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, ही भीति तिच्या घरांतच असते. तिच्या लेखीं पिशवी म्हणजे अडचण. ती काढून देणाऱ्याच्या लेखीं कमाई.

जेन क्रॉफर्डचे प्राण वांचविण्यासाठीं डॅनव्हिलमध्यें जें केलें तें अटळ होतें. बॉनी, शिरोडकर, पामर आणि झेम यांच्यानंतर बीडमधील पुष्कळशा प्रसंगीं तसें म्हणतां येणार नाहीं. ज्ञान पुण्यास पोंचलें. तें बीडच्या उसाच्या फडापर्यंत पोंचावयाचें आहे. तोंपर्यंत घराघरांतील सुशिक्षित माणसांना करण्यासारखें एक साधें काम आहे. घरांतील अथवा घरीं कामास येणाऱ्या स्त्रीस पिशवी काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तिच्याबरोबर जाऊन डॉक्टरांना एवढेंच विचारावें: न काढतां बरें होणार नाहीं काय? आणि तेवढ्यानें समाधान न झाल्यास दुसऱ्या डॉक्टराचें मत घ्यावें.