सचिवांचे वाचन

भोरच्या राजघराण्याने अडीचशे वर्षे मिरवलेली पदवी मुळात एका वाचकाची होती. ‘पंतसचिव’ म्हणजे सुरनीस. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांच्या कानुजाबत्यात सचिवाचे काम ठरले ते असे: राजपत्रे बारकाईने तपासायची, अक्षर कमीजास्त झाले असेल तर दुरुस्त करायचे आणि मगच संमतीची खूण करायची. त्या वेळी सचिव होते अण्णाजी दत्तो. पुढे राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायणांना मिळाले. वेल्ह्यातले राजगड आणि तोरणा परत मिळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, म्हणजे सचिवाला लढाईही चुकली नव्हती. १६९७ पासूनचे भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत पदवी त्याच घराण्यात राहिली. वाचायचे काम मात्र कारकुनांकडे गेले, हे ओघानेच आले.

ते काम सोपे नव्हते. दरबारी कागद मोडीत. आधी शिरोरेघ ओढायची आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे धावती ठेवायची. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कागदावर सारखेच. लिहिणाऱ्याची सगळी सोय आणि वाचणाऱ्याच्या माथी सगळा भार, असा हा मामला.

तरीही मुरलेला कारकून झरझर वाचत असे, कारण पत्राचा सांगाडा त्याला पाठ असे. मायन्यावरून कोणी कोणाला लिहिले ते कळे, सनाचे आकडे अरबी शब्दांत येत, आणि ‘बहुत काय लिहिणे’ आले की मजकूर आटोपला. ठरावीक भागावरून नजर सरकवायची आणि नवे जिथे असेल तिथे थांबायचे. ‘मौ॥’ दिसले की पुढे गावाचे नाव येणार. गुंजण मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ, रोहिडखोरे इथली गावे ज्याच्या जिभेवर, त्याला पहिल्या दोन अक्षरांतच नाव उमगे. देशावरून आलेला नवखा तिथेच अडखळणार.

आजचे संशोधनही हेच सांगते. मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली झटपट वाचनावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. वेग फार ताणला की आकलन घसरते आणि भाषेची ओळख वाढली की वाचन सुधारते, हा त्यांचा निष्कर्ष. डोळ्यांच्या कसरती विकणाऱ्या वर्गांना तो रुचला नसेल. फडावरच्या कारकुनाला मात्र त्यात नवल वाटले नसते.

सगळेच कागद असे धावत वाचून चालत नाहीत. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली होती. शक, महिना, तिथी आणि एखाददुसऱ्या ओळीत घटना, एवढाच तिचा ऐवज. इथे मायना नाही, सांगाडा नाही. प्रत्येक शब्द नवा. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली छापली आणि शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी समोर आली. बखरींवरून १६२७ हे साल धरले जाई. शकावलीने ते १६३० वर आणले. त्या एका नोंदीवर पिढ्यान्‌पिढ्या वाद झडले आणि राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली ती २००१ साली.

इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाईंच्या वाट्याला अशा शब्दन्‌शब्द वाचनाच्या उलट काम आले. पुण्यातल्या पेशवे दफ्तराचे रुमालामागून रुमाल सोडून, चाळून, निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघाले. काय वाचायचे यापेक्षा काय बाजूला ठेवायचे याचा निर्णय तिथे अधिक वेळा करावा लागला असणार.

१९५० नंतर मोडी शाळांतून गेली. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या मागणीमुळे राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कार्यालयांना मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी गरज भासली. जुन्या जन्ममृत्यूच्या वह्यांची पाने उलटताना डोळा जातीचा रकाना तेवढा हेरतो. नोंद सापडली की हात थांबतो. मग नाव, बापाचे नाव, गाव, तारीख, एकेक अक्षर लावून देवनागरीत उतरवावे लागते.