चावीचें घड्याळ आणि नवें घड्याळ



दीपनगरासारख्या वसाहतींत राहणाऱ्या माणसास वेळेचा विसर पडणें कठीण. येथील औष्णिक विद्युत् केंद्रांत कामाच्या पाळ्या अहोरात्र चालतात, आणि जवळच भुसावळ स्थानकांत गाड्यांची ये-जा कधीं थांबत नाहीं. अशा ठिकाणीं मला जुनीं घड्याळें जमविण्याचा छंद जडला, यांत नवल नाहीं. गेल्या दिवाळींत मुलानें माझ्या मनगटावर एक स्मार्टवॉच बांधलें. तेव्हां मनांत प्रश्न उभा राहिला कीं, या नव्या पाहुण्यास घरांत जागा दिली, तर जुन्या मंडळींचें काय व्हावें? उत्तरासाठीं मी इतिहासाकडे वळलों.

आपल्या पूर्वजांची वेळ सूर्यावर चाले. तळाशीं बारीक छिद्र असलेलें घटिकापात्र पाण्यावर सोडीत. तें भरून बुडालें कीं एक घटिका झाली, म्हणजे आपलीं २४ मिनिटें. ही वेळ ज्या त्या गांवची असे. भुसावळास सूर्य माथ्यावर येतो तो मुंबईच्या सुमारें १२ मिनिटें आधीं. पण त्या फरकानें कोणाचें कांहीं अडत नसे.

तें अडूं लागलें आगगाडीमुळें. १८७० सालीं मुंबई व कलकत्ता हीं शहरें जबलपुरावरून लोहमार्गानें जोडलीं गेलीं, आणि भुसावळ त्या मार्गावरील मोठें ठाणें झालें. प्रत्येक गांवच्या वेळेनें गाड्या चालविणें अशक्य, म्हणून रेल्वेनें मद्रासची वेळ स्वीकारली. ती मुंबईच्या वेळेपेक्षां अर्ध्या तासानें, आणि आमच्या येथील सूर्यापेक्षां सुमारें १८ मिनिटांनीं पुढें होती. म्हणजे स्थानकांत एक वेळ आणि अंगणांत दुसरी!

पुढें १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें भारतीय प्रमाणवेळ सुरू केली. ती पाळावयाची, तर मुंबईकरांस आपलीं घड्याळें ३९ मिनिटें पुढें करणें भाग होतें. सभांतून विरोध झाला, गिरणी-कामगारही खवळले. मुंबई शहरानें आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. भेटीची वेळ ठरवितांना "कोणत्या वेळेप्रमाणें?" हें विचारावें लागे. त्या लोकांचें भांडण घड्याळाशीं नव्हतें. आपला दिवस कोठें उजाडावा, हें दुसऱ्यानें ठरवावें, याविषयीं तें होतें.

आतां मनगटाकडे येऊं. १९६१ सालीं बंगलोर येथें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना निघाला. त्याचें 'जनता' हें चावीचें घड्याळ सामान्य गृहस्थाचें भूषण झालें. त्याच्या पोटांतील चक्र तासाला १८,००० ठोके देतें. पुढें क्वार्ट्झ आलें. त्याचा स्फटिक साधारणपणें सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो. त्या अचूकतेपुढें चावीचीं घड्याळें मागें पडलीं. २०१६ च्या आरंभीं एच.एम.टी.ची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच्या आदल्याच वर्षीं ॲपलचें पहिलें स्मार्टवॉच बाजारांत आलें होतें.

माझ्या घरींही हाच इतिहास घडूं पाहत होता. नवें घड्याळ पावलें मोजी, नाडी सांगे, निद्रेचाही हिशेब ठेवी. त्या कौतुकांत तीन महिने मीं जुन्या घड्याळांस हात लावला नाहीं. एके सायंकाळीं वडिलांचें 'जनता' हातांत घेतलें, तों तें चालेना. बाजारांतील वृद्ध कारागिरानें तें उघडून पाहिलें व म्हटलें, "गुरुजी, घड्याळ वापरानें झिजतें खरें, पण नुसतें पडून राहिल्यानें तेल घट्ट होऊन अडतें." तें वाक्य मला लागलें. मी संग्राहक म्हणवीत होतों, आणि वडिलांची ठेव माझ्याच हातीं मुकी झाली होती.

तेव्हांपासून मीं एक नेम केला आहे. पहांटे फिरावयास जातांना स्मार्टवॉच बांधतों. परतल्यावर तें उतरवून 'जनता' बांधतों. रात्रीं एकास वीज लावतों आणि दुसऱ्यास चावी देतों. त्या विजेचा कांहीं अंश आमच्याच धुरांड्यांखालीं निर्माण होत असेल. चावीचें बळ मात्र माझ्या बोटांचें. नव्या घड्याळाच्या अचूक वेळेशीं मी जुन्या घड्याळांची वेळ ताडून पाहतों आणि कोणतें दिवसाला किती सेकंद पुढें जातें, कोणतें मागें पडतें, हें वहींत टिपून ठेवतों. अशा रीतीनें नव्यामुळेंच जुन्यांचे स्वभाव मला प्रथम नीट कळले.

मुंबईकरांनीं जवळजवळ पन्नास वर्षें दोन वेळा सांभाळल्या. मला दोन घड्याळें सांभाळणें जड जाऊं नये. आजही भुसावळाचा सूर्य प्रमाणवेळेच्या बारा वाजल्यानंतर, सरासरीनें २७ मिनिटांनीं, माथ्यावर येतो, आणि त्यानें आपलें कांहीं बिघडत नाहीं. कोणतें घड्याळ कशासाठीं बांधावयाचें, एवढें मात्र ज्याचें त्यानें ठरवावें. तें घड्याळावर सोंपवूं नये.