आधी इंजिन गप्प करा

गाडीत टू-वे रेडिओ बसवायचा म्हणजे चार स्क्रू आणि दोन वायरी, असं गिऱ्हाइकाला वाटतं. न्यू जर्सीत माझी बरीच वर्षं हेच काम करण्यात गेली, आणि मी सांगतो, रेडिओ बसवणं हे त्यातलं शेवटचं काम. आधी इंजिन गप्प करावं लागतं. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लगवर ठिणगी उडाली की रेडिओलहरी निघतात. मार्कोनीचं पहिलं यंत्र तरी कशावर चालायचं? ठिणगीवरच. मग शेजारी ठेवलेल्या बिचाऱ्या रिसीव्हरला दुसरं काय ऐकू येणार? या धंद्याचा इतिहास सांगताना लोक रेडिओ कुणी शोधला नि कुणी विकला यातच रमतात. माझ्या मते प्रत्येक वळणावर शेवटचा शब्द गाडीच्या विजेचाच होता.

डेट्रॉइटच्या पोलिसांचंच पाहा. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गाड्यांत रेडिओ लावायची खटपट सुरू केली. सरकारनं परवाना दिला तो करमणुकीच्या केंद्राचा, संकेतनाम ‘केओपी’. म्हणजे चोराचं वर्णन सांगायचं तर मधूनमधून गाणीही वाजवायची! खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीत टिकेल असा रिसीव्हर जमायला आणखी काही वर्षं गेली आणि 7 एप्रिल 1928 रोजी नियमित सेवा सुरू झाली. तीही एकतर्फी. गाडीतल्या शिपायानं नुसतं ऐकायचं. उत्तर द्यायचं तर उतरून टेलिफोन शोधायचा.

एकतर्फी का, तर गाडीतून बोलायला ताकदच नव्हती. तेव्हाच्या गाडीची बॅटरी 6 व्होल्टची, आणि प्रक्षेपकातल्या व्हॉल्व्हना शेकडो व्होल्ट लागायचे. त्यावरचा तोडगा म्हणजे डायनामोटर: एकाच दांड्यावर मोटर आणि जनरेटर, एकीकडून बॅटरीची वीज घ्यायची, दुसरीकडून चढ्या दाबाची काढायची. हे धूड डॅशबोर्डखाली कुठलं मावायला? ते डिकीत गेलं. 1933 साली आमच्या जर्सी सिटीला चिकटून असलेल्या बेयॉनच्या पोलिसांनी डिकीत प्रक्षेपक ठेवून चालत्या गाडीतून नियमित दुतर्फा बोलणं सुरू केलं. त्या गावातून जाताना मी अजून बायकोला हे सांगतो. ती म्हणते, “अहो, ऐकलंय.”

डायनामोटरची एक खोड होती. बटण दाबल्यावर त्याला पूर्ण वेग घ्यायला सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा लागायचा. तेवढ्यात बोलणाऱ्याचा पहिला उच्चार गडप. इलिनॉय पोलिसांत 1937च्या सुमारास आकड्यांचे संकेत ठरले तेव्हा त्यांच्या पुढं ‘टेन’ लावलं, ते याचसाठी. टेन गडप झालं तरी पुढचा ‘फोर’ पोचतो. सिनेमात ज्याला त्याला ‘टेन-फोर’ म्हणताना ऐकलं की मला डिकीतली ती घरघरणारी मोटर आठवते.

ठिणगीचा खरा बंदोबस्त केला तो एफएमनं. ठिणगीचा गोंगाट लहरीची उंची वरखाली करतो. एफएमचा निरोप असतो लहरीच्या वारंवारतेत. रिसीव्हरनं उंची सरळ छाटून टाकली तरी निरोप शाबूत राहतो. डॅनियल नोबल या प्राध्यापकानं 1940 साली कनेक्टिकट राज्य पोलिसांसाठी अशी दुतर्फा यंत्रणा उभी केली, आणि पुढं पोलिसांचं जगच एफएमवर गेलं. मग सामान्य माणसाच्या पदरात काय पडलं? 11 सप्टेंबर 1958 रोजी 27 मेगाहर्ट्झवर सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी, खुला झाला तो एएमवर, म्हणजे निरोप लहरीच्या उंचीत ठेवणाऱ्या जुन्याच पद्धतीवर. 23 चॅनेल, 5 वॉटची मर्यादा, आणि ठिणगीची कटकट पुन्हा होती तिथंच. माझ्या पोटापाण्याची सोय मात्र त्यानं झाली, हे कबूल.

मी मिरजेहून आलो तो 1970च्या दशकाच्या सुरुवातीला. आमच्या घरी नुसत्या ऐकायच्या रेडिओलाही परवाना होता. त्याचं पुस्तक घेऊन दरसाल पोस्टात पैसे भरायला जायचं. आणि इथं दुकानात चक्क बोलायचा रेडिओ काउंटरवरून उचलून नेत होते. परवाना इथंही लागायचा, पण तो काढतो कोण! ऑक्टोबर 1973मध्ये अरबांनी तेल रोखलं, जानेवारी 1974मध्ये ताशी 55 मैलांची वेगमर्यादा आली, आणि पंपावर डिझेल कुठं आहे, पोलीस कुठं दबा धरून आहे, हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवर सांगू लागले. मग घरच्या गाड्यांचीही रांग लागली. 1976च्या प्रचारात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावानं बोलल्या.

आमच्या दुकानात खरा वाद एरियलचा. 27 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 11 मीटर लांब. तिचा पाव हिस्सा म्हणजे पावणेतीन मीटरची काठी. ती मागच्या बंपरवर स्प्रिंगवर उभी केली की गॅरेजच्या दाराला अडकते. म्हणून तारेचं वेटोळं घातलेली आखूड काठी. पण उरलेला अर्धा एरियल म्हणजे गाडीचा पत्रा, हे लोकांना पटत नाही. डाव्या मागच्या कोपऱ्यावर काठी लावली की आवाज उजव्या पुढच्या दिशेला जास्त जातो, कारण पत्रा तिकडं पसरलेला. चारी बाजूंना सारखा हवा तर टपाच्या मधोमध भोक पाडा. एका मराठी डॉक्टरांनी नवीकोरी ओल्डस्मोबिल आणली होती. मी ड्रिल हातात घेतल्यावर वहिनी म्हणाल्या, “भाऊ, हवं तर घराच्या भिंतीला पाडा, गाडीला नको.” शेवटी डिकीच्या झाकणाला क्लॅम्प लावला. तिथं रंग खरवडून उघडं लोखंड काढायचं, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळायचं. मग मीटर लावून पहिलं आणि शेवटचं चॅनेल तपासायचं: पहिल्यावर परत येणारी शक्ती जास्त असेल तर काठी आखूड, शेवटच्यावर जास्त असेल तर लांब.

सर्वांत छळलं कॉर्व्हेटवाल्यांनी. ती बॉडी फायबरग्लासची! एरियलला पत्रा नाही, आणि इंजिनाच्या गोंगाटाला अडवायलाही पत्रा नाही. म्हणून रेडिओ असलेल्या कॉर्व्हेटमध्ये कंपनी डिस्ट्रिब्युटरवर धातूचं आवरण घालून द्यायची. हौशी मालक चकचकीत इंजिन दाखवायला ते काढून ठेवायचे आणि मग रेडिओ खरखरतो म्हणून आमच्याकडं यायचे. साध्या गाडीत बॉनेट आणि बॉडी तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं जोडली, रेडिओची वायर थेट बॅटरीवर नेली, की निम्मं काम व्हायचं. ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शीळ म्हणजे ऑल्टरनेटर. ती फिल्टर घातल्याशिवाय जायची नाही.

चोऱ्या फार. बाहेर एरियल दिसला की आत रेडिओ आहे हे चोराला कळायचं, म्हणून टपावर चिकटणाऱ्या लोहचुंबकी एरियलचा खप वाढला. 1 जानेवारी 1977पासून 40 चॅनेल झाले. त्याआधीच 23 चॅनेलचे सेट मातीमोल भावानं काढायची वेळ दुकानदारांवर आली, आणि गर्दीमुळं बोलणंही नकोसं झालं. 1983मध्ये सरकारनं परवाना काढायची अटच रद्द केली. तोवर आम्ही पुन्हा कॅसेट प्लेअरकडं वळलो होतो. ट्रकवाले तेवढे टिकले.

आता ठिणगीच नसलेल्या विजेच्या गाड्या आल्या, तर वाटलं होतं कटकट मिटली. कसली मिटते! त्यांच्या मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर इतक्या वेगानं चालूबंद होतो, की त्याचा गोंगाट एएम रेडिओत शिरतो. अनेक कंपन्यांनी विजेच्या गाड्यांतून एएम काढूनच टाकलं. फोर्डनंही नव्या गाड्यांतून ते वगळायचं ठरवलं होतं. आपत्तीच्या सूचना लोकांपर्यंत कशा पोचणार अशी ओरड झाल्यावर मे 2023मध्ये निर्णय फिरवला. माझ्या नातवाला त्याच्या विजेच्या गाडीत हॅम रेडिओ बसवायचाय. मी त्याला म्हटलं, रेडिओ नंतर घे. आधी गाडी आण, बॉनेट उघड, आणि एक साधा ट्रान्झिस्टर घेऊन गोंगाट कुठून येतो ते शोधू.